परार्धभर ऊन आणि अर्ध्या ग्रॅमची गोळी

एप्रिलचा शेवटचा आठवडा, सोलापूर, आत्याच्या घराची गच्ची. जुनं नऊवारी अंथरून त्यावर गव्हाच्या चिकाच्या कुरडया घातलेल्या, आणि कावळे हाकायला मी. सिडनीहून सुट्टीवर आलेला भाचा वर आला, माझ्याशेजारी बसला आणि खिशातून एक प्लॅस्टिकची डबी काढून म्हणाला, "मामा, ही उन्हाची गोळी."

आत्याने सोऱ्या खाली ठेवला. "उन्हाला गोळी? मग माझ्या कुरडया कशाने वाळायच्या रे?"

डबीवर लिहिलं होतं निकोटिनामाइड, ५०० मिलिग्रॅम, ६० गोळ्या. म्हणजे ब जीवनसत्त्वांतलं तिसरं, ब-३. भाच्याच्या ऑफिसातला एक गोरा सहकारी रोज दोन घेतो. त्याच्या नाकावरून आणि कानावरून डॉक्टरांनी आजवर चार वेळा तुकडे काढले आहेत. त्याचं बघून यानेही डबी आणली. मला आकडेमोडीची जुनी खोड आहे, त्यामुळे कावळे राहिले बाजूला. एका पारड्यात ऊन आणि दुसऱ्यात ही गोळी ठेवली तर काटा कुठे झुकतो, ते बघायला बसलो.

सुरुवात मालाच्या आवकीपासून. सूर्य दर सेकंदाला स्वतःच्या अंगातलं सुमारे ४२ लाख टन वस्तुमान उजेड आणि उष्णता करून उधळतो. त्यातलं पृथ्वीच्या वाट्याला येतं दोन किलोलाही थोडं कमीच. २२० कोटींतला एक भाग. सेकंदाला जेमतेम दोन किलो ऊन, आणि त्यात अर्ध्या पृथ्वीचा दिवस, पाऊस, वारे, ज्वारी, आंबे, सगळं भागतं. या दोन किलोतला अतिनील भाग, म्हणजे त्वचेला खरा त्रास देणारा, हवेत शिरण्याआधी असतो दीडशे ग्रॅमच्या आसपास. मग मध्ये ओझोन येतो. हा ओझोन इतका विरळ आहे की सगळा गोळा करून जमिनीवरच्या दाबात आणि थंडीत दाबून बसवला, तर त्याचा थर भरेल तीन मिलिमीटरचा. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, तेवढा. सगळ्या सजीवांच्या डोक्यावरचं छप्पर दोन रुपयांचं!

या छपरातून जे गळतं ते मोजायला जगभर एकच माप आहे, अतिनील निर्देशांक. ११ ला पोचला की जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात रंग जांभळा होतो, अर्थ अतितीव्र. सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, भर दुपारी उभ्या काठीची सावली पायाखाली नाहीशी होते. त्या सुमाराला निरभ्र दुपारी निर्देशांक १२ च्या आसपास सहज जातो. निर्देशांकाचा एक अंक म्हणजे चौरस मीटरला २५ मिलिवॉट, आणि तोही फक्त त्वचा भाजण्याच्या ताकदीने तोललेला. १२ म्हणजे ३०० मिलिवॉट. ऐकायला काहीच नाही, देवघरातला छोटा दिवासुद्धा याहून जास्त ओढतो.

पण प्रकाश कणाकणाने येतो, आणि इथे आकडा हाताबाहेर जातो. या जातीच्या एका कणाची ऊर्जा इतकी कमी की एवढासा उजेड भरायलाही बोटाच्या नखाएवढ्या जागेवर, एका चौरस सेंटिमीटरवर, दर सेकंदाला ४५ लाख कोटी कण पडावे लागतात. तासभर गच्चीवर बसलं तर १६ वर सोळा शून्यं.

एवढ्या आकड्याला वर्तमानपत्री भाषेत नाव नाही. कोटीच्या पुढे आपण 'लाख कोटी' म्हणून वेळ मारून नेतो. पण आपल्याकडे नावं होती. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकापासून अठरा स्थानांपर्यंत प्रत्येकाला नाव आहे. कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. या भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, त्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. त्या मठात परार्ध शिकणाऱ्या पोरांना शंका आलीच असेल की एवढं मोठं काय मोजायचं असतं. बाहेर अंगणात उभं राहिलं असतं तर उत्तर मनगटावर पडत होतं. एका तासात, नखाएवढ्या जागेवर, दीड परार्ध. आणि त्वचा न भाजता आत खोल जाणारे अतिनील कण यात धरलेलेच नाहीत, ते धरले तर लीलावतीची नावं संपतात.

आता हे कण आत काय करतात ते बघू. त्वचेच्या वरच्या थराची जाडी कागदाएवढी, तरी एका चौरस सेंटिमीटरात चाळीसेक लाख जिवंत पेशी बसतात. प्रत्येकीच्या पोटात दोन मीटर लांब डीएनएचा धागा, त्यावर ६४० कोटी अक्षरांच्या जोड्या. त्या वर्णमालेत चारच अक्षरं, पैकी थायमिन हे अतिनील कणाचं गिऱ्हाईक. दोन थायमिन शेजारी असले आणि कण बरोबर बसला, तर ती दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. धाग्याला गाठ पडते. २००७ साली हे प्रत्यक्ष मोजलं गेलं. गाठ पडायला लागतो साधारण एक पिकोसेकंद, सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. कडक उन्हात दिवसभर उघड्या राहिलेल्या पेशीत अशा गाठी दिवसाला १ लाखापर्यंत पडू शकतात. एका पेशीत!

आणि आत्या इथे गेली साठ वर्षं कुरडया घालते आहे.

याचं कारण पेशीत रफूगर बसलेले आहेत. सोलापूरच्या माणसाला रफू समजावून सांगायला नको. सुमारे तीस प्रथिनांची ही टोळी. कुणी धाग्यावरून फिरत गाठ हुडकतं, कुणी दोन पदर उसवतं, कुणी दोन्ही बाजूंनी कापून तीसेक अक्षरांचा तुकडा काढून टाकतं, कुणी समोरच्या पदरावर बघून नवं विणतं, शेवटचा टाका घालायला आणखी कुणी. हे काम उलगडून दाखवल्याबद्दल अझीझ सांजार यांना २०१५ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, सोबत लिंडाल आणि मॉड्रिच होते. पण रफू सावकाश चालतं. निम्म्या गाठी सुटायला एक दिवसाच्या आसपास लागतो. बिघाडाला एक पिकोसेकंद, निस्तरायला एक दिवस. भागाकार केला तर आकडा येतो साडेआठ मध्य. बिघडवायला लागला त्याच्या साडेआठ मध्य पट वेळ दुरुस्तीला. घर आवरणाऱ्या कुठल्याही बाईला हे प्रमाण ओळखीचं वाटेल.

हे रफूगर नसते तर काय झालं असतं, याचं उत्तर आहे, आणि ते वाईट आहे. झेरोडर्मा पिगमेंटोसम नावाच्या जन्मजात आजारात या टोळीतला एखादा कारागीर जन्मापासूनच नसतो. अशा मुलांना विशीच्या आत त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या तुलनेत १० हजार पट.

पण रफूगर असूनही काही टाके चुकतातच. २०१५ सालीच केंब्रिजजवळच्या एका संशोधक गटाने चार माणसांच्या पापण्यांची कातडी तपासली. पापण्यांच्या शस्त्रक्रियेत कापून टाकलेली, निरोगी कातडी. त्यातले २३४ बारीक तुकडे वाचल्यावर दिसलं की दर दहा लाख अक्षरांमागे दोन ते सहा चुका कायमच्या राहून गेल्या आहेत, आणि १८ ते ३२ टक्के पेशींत तर कर्करोगाच्या वाटेवर नेणारी एखादी चूक आधीच आहे. निरोगी माणसाची, डोळ्यावर रोज उघडझाप करणारी पापणी. इतक्या पेशी त्या वाटेवर असताना कर्करोग इतका कमी होतो, ह्याचं नवल मला परार्धापेक्षा जास्त वाटलं.

गोळीचा संबंध इथे येतो. ही गोळी ऊन अडवत नाही. त्वचेवर तिचा थर बसत नाही, एकही कण परत फिरत नाही. रफूला लागते मजुरी. डीएनए कुठे तुटला याची खबर देणारी यंत्रणा ज्या रेणूवर चालते तो एनएडी, आणि पेशीचं चलन एटीपी. उन्हाचा मार बसला की नेमकी तेव्हाच गल्ल्यात खडखडाट होतो, आणि उन्हाने त्वचेतली प्रतिकारशक्तीही गळपटते. निकोटिनामाइड हा एनएडीचा कच्चा माल. तो भरपूर असला तर गल्ला रिकामा होत नाही, काम चालू राहतं.

कच्च्या मालाचा हिशेब मी डबीच्या झाकणावरच केला. एका गोळीत अर्धा ग्रॅम, म्हणजे रेणू अडीच हजार अब्ज अब्ज. दिवसाला दोन गोळ्या घेतल्या आणि अंगातल्या ३६ लाख कोटी पेशींना सारख्या वाटल्या, तर दर पेशीच्या पदरात १३-१४ कोटी रेणू. दीड परार्धाच्या माऱ्याला तोंड द्यायला प्रत्येकीला चौदा कोटींचा शिधा, वाईट नाही. अर्थात शरीर असं समान वाटप करत नाही.

"एवढं जीवनसत्त्व जेवणातून नाही मिळत?" आत्याचा प्रश्न रास्त होता. मिळतं, रोज १४ ते १६ मिलिग्रॅम पुरतं. भाच्याच्या सहकाऱ्याचा रोजचा डोस मात्र हजार मिलिग्रॅम. शेंगदाण्यात ब-३ भरपूर, शंभर ग्रॅमला १२ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे त्या दोन गोळ्यांची बरोबरी करायची तर रोज आठ किलो शेंगदाणे. सोलापूरची शेंगाचटणी कितीही प्यारी असली तरी हे होणार नाही. म्हणून ह्या मात्रेत हे अन्न राहत नाही, औषध होतं.

पण ब-३ आणि ऊन यांचं नातं गोळीच्या फार आधीचं आहे, आणि आपल्या भाकरीपर्यंत येतं. या जीवनसत्त्वाचा तुटवडा पडला की पेलाग्रा होतो. नेमकं उघड्या जागी, हाताच्या पाठीवर, पावलांवर आणि गळ्याभोवती हारासारखं कातडं काळं पडून सोलतं. इटालियन भाषेत या नावाचा अर्थच खरखरीत कातडी असा. अमेरिकेच्या दक्षिणेत विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत मक्यावर जगणाऱ्या गरिबांत याचे ३० लाख रुग्ण झाले, लाखभर माणसं मेली. लोक म्हणत होते संसर्ग आहे. जोसेफ गोल्डबर्गर नावाच्या सरकारी डॉक्टरने १९१५ साली मिसिसिपीच्या तुरुंगातल्या धडधाकट कैद्यांना मक्याच्या त्याच आहारावर ठेवून आजार उभा करून दाखवला, आणि पुढे संसर्ग नाही हे पटवायला रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, खपल्या पोटात घेतल्या. ब-३ त्यानंतर १९३७ साली सापडलं. इकडे दख्खनच्या पठारावर हाच आजार ज्वारीवर जगणाऱ्यांत दिसे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास ज्वारीतल्या जादा ल्युसीनकडे बोट दाखवलं होतं. आत्याला हे सांगितल्यावर ती दुखावलीच. भाकरीबद्दल असं बोललेलं तिला खपत नाही. तिला म्हटलं, भाकरीबरोबर आमटी, शेंगाचटणी, दही असलं की काही होत नाही, नुसत्या भाकरीवर दिवस काढावे लागणाऱ्यांची ती गोष्ट.

तर मग गोळी खरोखर किती कामाची? याचं सर्वांत नावाजलेलं उत्तर सिडनीतलंच, आणि तेही २०१५ चं. त्या सालाने त्वचेवर फार काम केलं. डायोना डेमियन आणि सहकाऱ्यांनी ३८६ माणसं निवडली. सरासरी वय ६६, आणि प्रत्येकाला आधीच्या पाच वर्षांत निदान दोन त्वचा-कर्करोग झालेले, सरासरी तर आठ! आपल्याला हे ऐकून धक्का बसतो, पण ऑस्ट्रेलियात वयाच्या सत्तरीपर्यंत तीनपैकी दोन माणसांना कुठला ना कुठला त्वचा-कर्करोग होतो. ब्रिटनच्या ढगाळ हवेसाठी घडलेली कातडी विषुववृत्ताच्या एवढ्या जवळ आणून ठेवल्याचा हा हिशेब. निम्म्यांना वर्षभर रोज दोन गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या खोट्या. वर्षाअखेरीस खोट्या गोळीवाल्यांत ४६३ नवे कर्करोग, खऱ्या गोळीवाल्यांत ३३६. कुणाला आधी किती झाले होते हे जमेस धरून फरक निघाला २३ टक्के.

माझ्या पद्धतीने मांडतो. १९३ माणसं, प्रत्येकी वर्षाला ७३० गोळ्या, एकूण १ लाख ४० हजार ८९०. टळलेले कर्करोग १२७. म्हणजे एक कर्करोग टाळायला अकराशे गोळ्या. सगळी पावडर एकत्र केली तर वजन ७० किलो, एका धष्टपुष्ट माणसाएवढं. आणि गोळी थांबवल्यावर सहा महिन्यांत तिचा फायदाही संपला. मजुरी बंद, काम बंद.

आकडे इथेच थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. २०२३ साली त्याच गटाने अवयव प्रत्यारोपण झालेल्या १५८ लोकांवर तोच प्रयोग केला. त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, त्वचा-कर्करोगाचा धोका त्यांना फार. निकाल, खऱ्या गोळीवाल्यांत २०७ नवे कर्करोग, खोट्या गोळीवाल्यांत २१०. शून्य फरक. मग २०२५ मध्ये अमेरिकेच्या ३३ हजार ८२२ माजी सैनिकांच्या नोंदी चाळल्या गेल्या. गोळी घेणाऱ्यांत धोका १४ टक्क्यांनी कमी, आणि पहिल्या कर्करोगानंतर लगेच सुरू करणाऱ्यांत ५४ टक्क्यांनी. ह्या जुन्या नोंदी आहेत, ठरवून केलेला प्रयोग नाही, म्हणून मी या ५४ वर फार उड्या मारणार नाही. शिवाय २०२४ मध्ये ब-३ जास्त झाल्यावर शरीरात उरणाऱ्या एका अवशेषाचं नाव हृदयविकाराच्या धोक्याशी जोडलं गेलं. तो नुसता संबंध आहे, दोष सिद्ध झालेला नाही. पण हजार मिलिग्रॅमची गोळी चणे-फुटाणे समजून खाऊ नये, एवढं कळायला तो पुरे.

गोळ्यांचा भूतकाळही फार उजळ नाही. बीटा-कॅरोटीन, गाजरातलं, त्वचा वाचवेल म्हणून १,८०५ अमेरिकी रुग्णांना पाच वर्षं दिलं, फरक पडला नाही. फिनलंडमध्ये २९ हजार १३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या प्रयोगात तर ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. क्वीन्सलंडमधल्या नंबोर गावात १,६२१ लोकांवर साडेचार वर्षं एकाच वेळी दोन्ही तपासलं, बीटा-कॅरोटीनची गोळी आणि रोज लावायचं सनस्क्रीन. गोळीने काही केलं नाही. सनस्क्रीनने एका जातीचा त्वचा-कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी घटवला. एसपीएफ ५० चं सनस्क्रीन, नीट जाड लावलं तर, दीड परार्धातून तीन अंत्य आत सोडतं. आकडा अजून अवाढव्य, पण पन्नासातले एकोणपन्नास दारातच अडले.

भाच्याला मी विचारलं, "तुझ्या कातडीला हवी कशाला ही?" तो हसला. सावळ्या-काळ्या त्वचेत रंगद्रव्य वरच्या पेशींच्या केंद्रकावर टोपी घातल्यासारखं जमून बसतं. एका जुन्या मोजमापात काळ्या त्वचेची नैसर्गिक एसपीएफ १३.४ आणि गोऱ्या त्वचेची ३.४ भरली होती. भारतात त्वचेचा कर्करोग एकूण कर्करोगांच्या एक टक्क्याहूनही कमी. सिडनीच्या गोऱ्या म्हाताऱ्याच्या हिशेबाची गोळी सोलापूरच्या मुलाने घ्यायला हरकत नाही, पण अकराशे गोळ्यांमागे एक, हा हिशेब त्याला लागूच होत नाही. त्याच्या बाबतीत तो लाखांत जाईल, की आणखी पुढे, सांगता येत नाही.

"नाव निकोटीनसारखं कसं रे?" त्याने विचारलं. खरं आहे, निकोटिनिक आम्ल पहिल्यांदा तंबाखूतल्या निकोटीनवरच प्रयोगशाळेत प्रक्रिया करून बनवलं होतं. लोकांनी तंबाखूत जीवनसत्त्व असतं असं समजू नये म्हणून अमेरिकेत पुढे त्याला नियासिन म्हणू लागले. नियासिन आणि निकोटिनामाइड ही दोन भावंडंही वेगळी आहेत. नियासिन चुकून मोठ्या मात्रेत घेतलं तर चेहरा लालबुंद होऊन भाजल्यासारखा होतो, निकोटिनामाइडने तसं होत नाही. डबीवरचं नाव नीट वाचावं, एवढंच.

ऊन उतरायला लागलं. आत्या कुरडया उलटवायला वाकली आणि तिच्या हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकल्या. बांगड्यांखाली एक पट्टा होता, दोन बोटं रुंद, हाताच्या बाकी रंगाहून दोन छटा उजळ. त्यावर एकही डाग नव्हता. त्याच्या वर आणि खाली मनगट सुरकुत्यांनी विणलेलं, काळ्या ठिपक्यांनी भरलेलं. पोलक्याची बाही जिथे संपते तिथेही तशीच सरळ रेष. बाहीखालचा दंड अठ्ठ्याहत्तर वर्षांचा वाटत नव्हता. वय तेच, जेवण तेच, ज्वारीही तीच, मध्ये फक्त सुती कापडाचा एक थर आणि काचेच्या बारा बांगड्या. ३८६ माणसांऐवजी एकच माणूस, पण प्रयोग साठ वर्षं चाललेला.

मी टक लावून बघतोय हे तिच्या लक्षात आलं. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि परात माझ्याकडे सरकवली. "गोळ्या मोजून झाल्या असतील तर कुरडया भर. उद्यापासून शेवया आहेत."

डबी भाच्याने गच्चीच्या कठड्यावर उन्हातच ठेवली होती. झाकण हाताला चांगलंच तापलेलं लागलं.